बारा जणांचा बँड आणि गुलाबी लुगडं

आमच्या बँडमध्ये बारा माणसं होती. अकरा पुरुष आणि बारावी मी. मेहकरच्या एका शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवायचे आणि बँडमध्ये गायचे. लोकांना या दोन गोष्टी एका बाईच्या अंगावर शोभत नसाव्यात. पण मला कोणी अडवलं नाही, कारण पेटी वाजवायला आमचे हेच होते.

बँड मुळात आमच्या समोरच्या घरातला. तिथे एक क्लॅरिनेट मास्तर राहायचे. त्यांच्या वडिलांपासून घरात लग्नाचा बँड होता. तालुक्यात कुठेही नवरदेव घोड्यावर बसला की पुढे मास्तर, असं कित्येक वर्षं चाललं. मग डीजे आला. मास्तरांच्या क्लॅरिनेटचा आवाज त्यापुढे चिमणीसारखा वाटू लागला. एकेक लग्न हातचं गेलं आणि भर लग्नसराईत मास्तर ओट्यावर बाज टाकून बसू लागले.

त्या वर्षी आमच्या अंगणात भुलाबाई बसवली होती, आमच्याकडचा भोंडलाच तो. संध्याकाळी आम्ही बाया गाणी म्हणायचो, खिरापत ओळखायचो, हसायचो. मास्तर बाजेवर पडून ऐकत असतील हे ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि यांना म्हणाले, "सर, रागावू नका. वहिनीले काल जे म्हटलं ते पुन्हा म्हणायले सांगा."

मी संकोचत म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पिशवीतून क्लॅरिनेट काढून तीच चाल वाजवली. आमची साधी, हळू चाल. पण त्यांच्या फुंकीत तिला असा काही झोक आला की मीच पायाने ठेका धरला.

"सिनेमाचं गाणं डीजे आमच्यापेक्षा जोरात वाजवते," मास्तर म्हणाले. "पन हे त्याच्यापाशी नाही. हे फक्त बायांपाशी हाय. आपण मोठा बँड करू."

मोठा म्हणजे किती मोठा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते आम्हाला उन्हाळ्यात कळलं. कापसाचा हंगाम संपला की सरकी काढायच्या जिनिंगचं आवार मोकळं असायचं आणि तिथला चौकीदार आमचा ट्रंपेटवाला होता, म्हणून तालीम तिथे. दोन डफडी, एक सनई, भजनी मंडळातले टाळकरी, मास्तरांच्या जुन्या बँडमधला, गळ्यात अडकवून फुंकायचा मोठा भोंगा, आणि एक उंचापुरा ढोलवाला. हा ढोलवाला कोरडवाहू शेतकरी. ढोल असा बडवायचा की पत्र्यावरची कबुतरं उडायची.

आमचा पहिला कार्यक्रम साखरखेर्ड्याला, गणपतीत. मंडळाने दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. आम्ही बाराजण चढलो, भोंगेवाला कडेला सरकला आणि त्याच्या बाजूची ट्रॉली हळूच कलली. माणूस भोंग्यासकट घसरत खाली गेला. लागलं काही नाही, पण भोंग्यातून जो सूर निघाला तो पुन्हा कधी कोणाला काढता आला नाही. लोक हसून बेजार. मास्तर शांतपणे उतरले आणि जमिनीवरच वाजवू लागले. आम्हीही उतरलो. लोकांनी भोवती कडं केलं, आणि तिसऱ्या गाण्याला समोरच्या म्हाताऱ्या बायांनी माझ्या आधीच ओळ उचलली. गाणी त्यांचीच होती. मग त्यांच्या सुना आल्या, मग पोरं आली, आणि सगळा चौक नाचू लागला. तेव्हापासून मास्तरांचा नियमच झाला, स्टेजवर चढायचं नाही.

त्याच सुमारास बोंडअळीला दाद न देणारा बीटी कापूस नवा आला होता. एका बियाणं कंपनीचा साहेब जीप घेऊन मास्तरांकडे आला. त्याला आमचा बँड आठवडी बाजारांत हवा होता. "भुलाबाईची चाल तीच ठेवा," तो म्हणाला, "फक्त शब्द आमच्या वाणाचे घाला." मी घातले. बोंडअळी सासरी रुसली, पिशवी भरून माहेरी गेली, आता ती काही येत नाही, असं काहीतरी. प्रत्येकाला हिरवं जाकीट मिळालं. बियाण्याचा हंगाम नेमका शाळेच्या सुट्टीत, त्यामुळे माझीही अडचण नव्हती.

तीन-चार उन्हाळे आम्ही टेम्पोत बसून जिल्हाभर फिरलो. नांदुऱ्याच्या बाजारात वाजवताना रेल्वेची शिटी आली की ट्रंपेटवाला तिच्या सुरात सूर मिळवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. ढोलवाल्याने स्वतःही तेच बियाणं लावलं. फवारे कमी झाले, कापूस चांगला आला, आणि तो तालमीला मोटारसायकलवर येऊ लागला. आम्ही गात होतो ते खरंच होतं तेव्हा.

मग ते खरं राहिलं नाही. पुढे काही वर्षांनी, एका दिवाळीनंतर ढोलवाला तालमीला आला, त्याने खिशातून एक बोंड काढलं आणि यांच्या पेटीवर ठेवून नखाने उकललं. वरून टवटवीत दिसणारं बोंड. आत सरकी किडलेली, कापूस पिवळा पडलेला, आणि मधोमध एक गुलाबी अळी आरामात बसलेली.

त्याच्या अख्ख्या वावरात तेच होतं, आणि ट्रंपेटवाल्याच्या भावाच्या वावरातही.

"वहिनी, हिच्यावर गाणं करा," तो म्हणाला.

"रडगाणं म्हणायचं का आता आपण?"

"नाही. रडायले घर हाय. हसायचं करा."

मला दोन दिवस सुचेना. मुलांच्या वह्या तपासताना ओळ आली:

रुसून गेली, परत आली, दार उघडा बाई,
गुलाबी लुगडं नेसून आली, ओळखलीच नाही.

जिनिंगचा हंगाम चालू होता, म्हणून पुढची कडवी तालमीत आमच्या अंगणात सगळ्यांनी मिळून जोडली. अळीबाई घरभर हिंडते, सासऱ्याच्या पागोट्यातला कापूस खाते, पुढाऱ्याच्या टोपीतला खाते, आणि शेवटी कंपनीच्या साहेबाच्या गादीत जाऊन झोपते.

कंपनीने आम्हाला बोलावणं आधीच बंद केलं होतं. नांदुऱ्याच्या बाजारात आम्ही आपणहून गेलो. मला धाकधूक होती. ज्यांचं पीक गेलं त्यांच्यासमोर अळीचं गाणं म्हणायचं. पहिली ओळ म्हटली तेव्हा लोक हातातल्या पिशव्या सावरत नुसते बघत होते. लुगड्याची ओळ आली तेव्हा भाजी विकणारी एक बाई पदर तोंडाला लावून हसू लागली. मग शेजारची हसली. गादीच्या कडव्यापर्यंत अख्खा बाजार हसत होता, आणि हसता हसता काहीजण डोळे पुसत होते. ते गाणं आम्हाला तिथेच पुन्हा, आणि पुन्हा म्हणावं लागलं.

गर्दीच्या मागे तो जीपवाला साहेब उभा होता. कार्यक्रम झाल्यावर पुढे आला. "गाणं म्हणा, पण आमची जाकिटं तरी काढा," तो म्हणाला.

"ती आता जुनी झाली, साहेब," मास्तर म्हणाले. "जुनं झालं की ज्याच्या अंगावर त्याचंच." साहेबालाही हसू आलं. त्याने आम्हाला चहा पाजला.

त्या गाण्याने आम्हाला पुण्यापर्यंत नेलं. तिथल्या सभागृहात स्टेजवरून उतरू देईनात, म्हणून मास्तर नाराज. लोक खुर्च्यांत हाताची घडी घालून बसलेले, एकही पाय हलेना. "मास्तर, हे लोकं रागावले काऊन?" ढोलवाला माझ्यामागून कुजबुजला. कार्यक्रम संपला आणि टाळ्या थांबेनात, तेव्हा कळलं की ही तिथली नाचण्याची पद्धत. आमच्या गाण्यांत 'का'ला 'काऊन' येतं; नंतर एक बाई त्याचा अर्थ विचारायला आल्या. ढोलवाल्याने त्यांनाच विचारलं, "काऊन?"

पुढे काही वर्षं आम्ही खूप वाजवलं. पण शेती सावरेना तसा बँड विरत गेला. ट्रंपेटवाला भावाबरोबर सुरतेला गेला. ढोलवाल्याने वावर ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दुसऱ्याला कसायला दिलं आणि पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरी धरली. मास्तरांचा दम कमी पडू लागला. एक दिवस त्यांनी सगळ्यांना फोन केले. "बँड बिघडल्यावर बंद करायचा नाही," ते म्हणाले. "चांगला वाजते तवाच करू. एकदा सगळे या."

सगळे आले. मेहकरला शाळेच्या पटांगणात, टळटळीत ऊन उतरल्यावर आम्ही शेवटचं वाजवलं. निरोपाचं भाषण कोणाला जमलं नाही. मास्तरांनी मधेच दम घेतला की सनईवाला त्यांची ओळ पुढे न्यायचा, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळत नव्हता. मला कळत होता. गाताना मी दोनदा मधेच थांबले आणि दोन्ही वेळा माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांनी ओळ पुरी केली. रात्री मास्तरांच्या घरी जेवलो. आग्रह करून करून वाढलेलं खाल्लं, आणि ताटं वाळली तरी कोणी उठेना.

सकाळी मी ढोलवाल्याला पोचवायला स्टँडवर गेले. तो पुण्याच्या बसमध्ये खिडकीशी ढोल ठेवून स्वतः कडेला बसला. कंडक्टर म्हणाला, "सामान वर टाका."

"सामान नाही ते," तो म्हणाला. "त्याचं तिकीट काढतो मी."

कंडक्टरने त्याच्याकडे बघितलं, ढोलाकडे बघितलं, आणि विचारलं, "फुल की हाफ?"

"फुल द्या. माह्यापेक्षा मोठं हाय ते."

बस सुटली. खिडकीत ढोल होता, आणि त्याच्या वरून एक हात बाहेर येऊन मला टाटा करत होता.