नानाचा तीन आवाजांचा डबा

आमच्या नानाने घरातल्या तीन माणसांचे आवाज एका डब्यात भरून ठेवले होते. नाना म्हणजे माझा धाकटा दीर. राहायला आमच्यासोबत असोद्यात आणि लग्नसराईत जळगावच्या एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. गिटारची वायर आधी त्या डब्यात जायची, मग स्पीकरला. डब्यात जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी होती आणि पुढे तीन जागी फिरणारं बटण. पहिल्या जागी गिटार गोड, स्वच्छ वाजे. तिला नाना ‘आई’ म्हणायचा, कारण माझ्या सासूबाई तशा बोलायच्या. दुसऱ्या जागी जरा घोगरी. ते ‘दादा’, म्हणजे माझे मालक, ज्यांना बारा महिने खोकला. तिसऱ्या जागी बटण गेलं की गिटार अशी करवादायची की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. ती ‘वहिनी’.

मला राग आला नाही. माझा आवाज तसाच आहे. केळीच्या बागेत या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची तर कुजबुजून चालत नाही. पुढे ती नावं बँडवाल्यांच्या आणि लोकांच्याही तोंडी बसली. जामनेरला एका लग्नात अख्खा घोळका “वहिनी येऊ द्या! वहिनी!” म्हणून ओरडत होता आणि मी मंडपात जिलेबी खात होते.

नानाचा एक पाय लहानपणापासून बारीक. शेतीच्या कामाला त्याला कोणी धरलं नाही, आणि लग्नाचं विचारायलाही कोणी आलं नाही. बँडवाले रस्त्याने चालत वाजवायचे, नाना मात्र बँडच्या गाडीवर स्टूल टाकून बसायचा. उभ्या जगात त्याची अशी ती एकच जागा.

त्याचे कान मात्र घरात कोणाला सुखाने बसू देत नसत. मी मिक्सर लावला की ओसरीवरून ओरडायचा, “वहिनी, पातं सैल झालंय!” उघडून बघावं तर खरंच सैल. एकदा पंख्याचा आवाज ऐकून म्हणाला, आज हा पडणार. पंखा अजून फिरतोय. चुकला तरी त्याचा तोरा कमी होत नसे. “बिघाड आळशी असतो वहिनी. लांब जात नाही. जवळच कुठंतरी झोपलेला असतो,” असं तो म्हणायचा.

“तुझ्यासारखा,” मी म्हणायची.

“म्हणून तर मला सापडतो!”

एका लग्नसराईत वहिनीच बसली. म्हणजे डब्यातली. गाडीवर बटण कुठल्याही जागी नेलं तरी गिटार पाण्यात पडलेल्या मांजरासारखी कण्हायची. आई, दादा, वहिनी, तिघंही सारखेच. नाना डबा घरी घेऊन आला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून लावला, तर मांडणीवरची ताटं थरथरली! घरी ठणठणीत आणि वरातीत मुका.

मग नाना कामाला लागला. त्याची रीत ठरलेली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. “दोन बदलल्या तर चोर कोण ते कळत नाही.” आधी वायर बदलली. घरी छान, वरातीत मुका. मग बटण उघडून आतला मळ धुतला. तेच. मग काचेची नळी नवी बसवली. तेच. बँडमधल्या कोणीतरी नजर लागली म्हणून गाडीला लिंबू-मिरची बांधली. नानाने ती काढली नाही. पुढच्या लग्नाहून आला आणि मला म्हणाला, “लिंबूही लावून पाहिलं. लिंबाचं काम नाही हे.”

बँडचा मालक मूळचा धुळ्याकडचा. त्याला सगळे भाऊ म्हणतात. माणूस वाईट नाही, पण धंदा बघणारा. तो घरी आला आणि चहा पिता पिता त्याच्या अहिराणीत म्हणाला, “नाना, तुना डबा मुका शे. यावलना लगनमा वहिनी बोलनी नही, तर आते कीबोर्डवरच गिटार वाजी.” म्हणजे नानाने घरी बसावं. त्या दिवशी माझा मिक्सर गरगर वाजत राहिला आणि ओसरीवरून एक शब्द आला नाही.

यावलचं लग्न माझ्या भावाच्या नातवाचं होतं. दिवस कलायला लागला तशी नवरदेवाची मिरवणूक निघाली. मी गाडीच्या चाकालगत चालत होते. नानाने आई वाजवली, दादा वाजवला, मग बटण फिरवलं आणि वहिनी अशी कडाडली की नवरदेवाची घोडी दोन पावलं मागे सरली! पोरांनी रस्त्यातच नाच धरला. नानाने माझ्याकडे बघून मूठ दाखवली. मला वाटलं, सुटलं बुवा.

तेवढ्यात अंधारू लागलं म्हणून बँडवाल्या भाऊने त्या सराईला नव्यानेच घेतलेली, वरातीसोबत चालणारी दिव्यांची झुंबरं लावायला सांगितली. झुंबरं लखलखली आणि वहिनी बसली.

नाना एकदम ओरडला, “वहिनी, वर या! लवकर!” दोघा बँडवाल्यांनी मला गाडीवर ढकललं. नानाने डब्याचं झाकण उचकटलं होतं. “मी वाजवतो, तुम्ही नळीत बघा. निखारा दिसतो?”

“दिसतो. पण राख बसल्यासारखा.”

“लाइट बंद करा रे!” झुंबरं विझली. काचेतला निखारा लाल झाला.

“फुलला!” मी म्हटलं.

“लावा!” पुन्हा राख. “बंद!” पुन्हा लाल. नाना स्टुलावर बसल्या बसल्या उड्या मारायला लागला. शेजारच्या शेतात मोटार सुरू झाली की आमच्या घरातला बल्ब मिणमिणतो, हे मला कोणी शिकवायला नको. गाडीवरचा जनरेटर एकच, आणि झुंबरं डब्याच्या ताटातलं खात होती. दिवसा आणि घरी झुंबरं नसायची, म्हणून डबा तिथे शहाणा.

“अरे, बिघाड डब्यात नाहीच!” मी म्हटलं.

“लांब गेला होता, वहिनी! आळशी नव्हता हा!”

भाऊ खालून कपाळाला हात लावून म्हणाला, “मंग काय अंधारमा वरात काढू? लाइट का गिटार, एक काय ते सांगा.”

माझा सख्खा भाऊ, नवरदेवाचा आजा, म्हणाला, “लाइटच. लोक काय म्हणतील?”

पोरं ओरडली, “वहिनी पाहिजे!”

मी गाडीवर उभी होते आणि देवाने गळा दिलेला आहे. “अरे मेल्यांनो, फटफट्या कशाला आणल्यात? लावा की दिवे!” आधी एक मोटरसायकल लागली, मग रांगच लागली. मागे केळीचा रिकामा ट्रक अडकला होता, त्यानेही मोठे दिवे टाकले. झुंबरं विझली, नानाने बटण फिरवलं, आणि मग जे झालं ते यावलकर अजून सांगतात. धुळीत नुसत्या सावल्या नाचत होत्या. लोक काय म्हणतील विचारणारा माझा भाऊ कंबरेचा पट्टा आवळून मधोमध नाचत होता. मुहूर्त टळला, भटजी चिडले, कोणी ऐकलं नाही.

गाडी मंडपाशी आली तेव्हा बँडवाला भाऊ म्हणाला, “आते दुसरा जनरेटर लेना पडी.” नानाचं स्टूल राहिलं. कीबोर्डवाला कीबोर्डच वाजवत राहिला.

गेल्या वर्षी लग्नसराई संपता संपता नाना गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. भाऊ अख्खा बँड घेऊन अंत्ययात्रेसाठी असोद्याला आला. गाडीवर नानाचं स्टूल ठेवलेलं, त्यावर झेंडूचा हार.

“रिकामं कशाला नेतोस?” मी विचारलं.

“वहिनी, नानानी जागा शे ती. तठे कोनी बसाव नही.”

“माझे गुडघे दुखतात. हात दे.”

आमच्याकडे बाया स्मशानाकडे जात नाहीत. मागे कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. मी वर चढले, हार बाजूला केला आणि बसले. गाडी निघाली. वरून दिसलं, गावातल्या निम्म्या माणसांना टक्कल पडलंय. इतकी वर्षं नाना हे एकटाच बघत होता, आणि घरी येऊन मेल्याने एका शब्दाने सांगितलं नाही.