खिडकीकडे तोंड करा

सूर्याने कुठून उगवावं हे आपल्याला विचारलं गेलं नाही, याचं मनापासून वाईट वाटणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे. ते माझे साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, नोकरीतून निवृत्त झालेले, राहणार चिक्कडपल्ली. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते खिडक्या पाहतात. मग यजमानाला हाताला धरून उठवतात. "इथे बसा. खिडकीकडे तोंड करा. आता बघा, माणसासारखे दिसता की नाही!" एका पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवातला सोफा नवरा-नवरीसकट फिरवायला घेतला होता. गुरुजींचा हट्ट पूर्वेचा, साडूंचा उत्तरेच्या मऊ उजेडाचा. शेवटी गुरुजीच थकून म्हणाले, "अक्षता पडू द्या, मग सोफा गच्चीवर नेलात तरी चालेल."

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की या तेलुगू शहरातली ओळखीची सगळी मराठी घरं आधी त्यांचं दार वाजवतात. सल्ला फुकट, आणि नेहमी उलटा. मोठा कॅमेरा घ्यायला निघालेल्याला ते लहान घ्यायला लावतात, लहान घ्यायला निघालेल्याला जुनाच वापरायला. "बॉडी बघता बघता म्हातारी होते हो, लेन्स जन्माची सोबत. आणि ती शर्टाच्या टोकाने पुसू नका." सुलतान बाजारकडच्या एका दुकानदाराने त्यांना पाहताच हात जोडले. "साब, आप चाय पियो, बिस्कुट खाओ, मगर मेरे गिराक से बातां नक्को करो." साडूंनी चहा घेतला, बिस्किट घेतलं आणि गिऱ्हाईकही घेऊन बाहेर पडले.

मेहुणीच्या हवाबंद डब्यात पूर्वी तांदूळ असायचा. आता त्यात लेन्सा असतात आणि पावसाळ्यातली दमट हवा तांदूळ सोसतो. फोटोंची एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्याच्या घरी, हा त्यांचा नियम. त्यामुळे अनेक नातेवाइकांच्या कपाटांत त्यांची एकेक डिस्क मुक्कामाला आहे. आमच्याकडची माझ्या बायकोच्या पैठणीखाली असे. "घराला आग लागली तर भाऊजी आधी तिची चौकशी करतील, मग माझी," ती म्हणायची.

एका बाबतीत मात्र साडू फार कडक. फोटोतलं काही पुसायचं नाही. एका नवरीच्या गालावरची पुटकुळी काढा म्हणून तिची आई रडकुंडीला आली, तरी ते बधले नाहीत. "ती त्या दिवशी आली होती ना? मग तीही लग्नाला होती."

माझी बायको गेल्या वर्षी गेली. तेराव्याला फोटो हवा होता. कॅमेरा दिसला की तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होई. असे ताठ फोटो ढीगभर होते. जवळच्या एका स्टुडिओने त्यातला एक घेऊन तिला भरजरी शालू नेसवला, गोरी केली, मागे निळे ढग सोडले. मुलगी म्हणाली, "बाबा, ही कोण?"

ती हसतेय असा एकच फोटो होता, इस्पितळातला. चौकटीत सलाइनचा स्टँड येतो म्हणून साडू नर्सशी हुज्जत घालत होते. नर्स म्हणाली, "अंकल, स्टँड नहीं हटता, आप हटो." ही खळखळून हसली आणि साडूंनी तेवढ्यात बटण दाबलं. पण नाकाखालून ऑक्सिजनची नळी गेलेली.

"काका, नळी पुसाल?" मुलीने विचारलं. आजाराआधीचा तिचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साडू बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग "बघतो," एवढंच म्हणाले.

तेराव्याच्या सकाळी त्यांनी फोटो आणला. नळी नव्हती. ही नुसती हसत होती. मला ती ओळखू आली.

हे कसं साधलं, ते मेहुणीने नंतर सांगितलं. नळी पुसली की तिच्याखालची जागा भरायला हवी; पण हसताना ताईचा ओठ वर कसा जातो, गाल कुठे दुमडतो, हे त्या ताठ फोटोंत कुठेच नव्हतं. म्हणून साडूंनी तिच्या पाठच्या बहिणीलाच तशाच उजेडात बसवलं आणि हसायला सांगितलं. "ताई जाऊन आठवडा झालेला, हसू कुठून येणार हो? मी रडायला लागले. तर म्हणतात, सावकाश रडून घे, मग तोंड धू, ओल्या गालावर चमक येते. शेवटी ह्यांनी माझी ओढणी डोक्यावर घेऊन त्या नर्सचा आवाज काढला, तेव्हा मी हसले. ताईच्या ओठांवरचा तेवढा पट्टा माझा आहे."

हल्ली साडू आमच्याकडे आले की त्या फोटोच्या भिंतीकडे पाठ करून बसतात. एकदा मी विचारलं, "कुठे चुकलंय का?"

"नाही हो. मीच केलं, पण शोधूनही नळीची जागा सापडत नाही," ते म्हणाले, आणि लगेच कुठल्याशा नव्या ट्रायपॉडवर आले. पूर्वी अशा वेळी मी हळूच पुस्तक उघडत असे. आता शेवटपर्यंत ऐकतो.