सुंदराने भरलेली राजाची घागर

अखाजीच्या दिवशी आमच्या गल्लीत बातमी फिरली की सुंदराने जित्या नवऱ्याची घागर भरली. बातमी खोटी होती. एवढ्या खात्रीने सांगते, कारण ती मीच सोडली होती.

पण माझा तरी काय दोष? मी जालन्याकडची. गोडादऱ्याच्या या कापड-कारखान्यांच्या वस्तीत खानदेशी शेजाऱ्यांत वीस वर्षं राहून एवढं कळलंय, की अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर खरबूज ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा घास विस्तवात टाकून त्याला नावाने हाक मारायची. मेलेला जेवतो आणि निवांत होतो. सुंदराकडे दरसाल एकच घागर, सासऱ्याची. या वर्षी तिने रिक्षातून दोन उतरवल्या. मी गॅलरीतून मोजल्या. दुसरी कोणाची? तिचा नवरा भिकन आठ दिवस नीट बोलत नव्हता, चालताना भिंत धरत होता. मी दोन अधिक दोन केले आणि शेजारच्या दिपालीच्या कानात घातले. दुपारपर्यंत चार बाया तोंडं पाडून तिच्या दारात उभ्या.

भिकन उंबऱ्यात बसून खरबूज कापत होता.

"कोन मरी गयं?" त्यानेच विचारलं. कापड विणायच्या लूमवर तीस वर्षं काढलेला माणूस, अर्धा बहिरा; त्याचं विचारणंसुद्धा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं.

आतून सुंदरा म्हणाली, "राजा मरी गया. बसा, रस खाईसन जा."

आता हा राजा कोण, ते सांगायला हवं.

लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. भिकनच्या खात्यात एका माणसाकडे बारा मशिनी. आवाज असा की शेजारच्याने कानात ओरडलं तरी फक्त गरम वाफ लागते. म्हणून कारागीर बोलतात ते ओठांनी आणि हातांनी. तार तुटली, कांडी संपली, सेठ आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. या खुणांच्या भाषेत भिकन गोष्ट सांगायचा. एकच गोष्ट, नऊ वर्षं. तार जोडायची, दोन खुणा करायच्या, पुढच्या मशिनीवर जायचं. समोरच्या रांगेतला वाल्मिक ती उचलून मागच्यांना द्यायचा. बारा तासांत गोष्ट वीतभर सरकायची.

गोष्ट धुरकोट नावाच्या राज्याची. तिथला राजा अजरसेन आधी चांगला होता, विहिरी खोदायचा, प्रजेच्या पंगतीत जेवायचा. मग त्याला मरणाची धास्ती बसली. डोंगरातल्या एका यक्षिणीने त्याला वर दिला: तुझ्या राज्यात जोवर कोणी विसावा घेत नाही, तोवर तुला मरण नाही. राजाने आधी खाटा जाळल्या. मग दुपारची झोप बंद केली. मग सरणावरून शिपाई उठवले, राखेच्या रंगाचे, डोळ्यांच्या जागी खोबण्या, आणि तटावर पहाऱ्याला लावले. भिकन त्यांना 'अनिजे' म्हणायचा, नीज नसलेले. आणि राजा सडत गेला. मुकुट कवटीत रुतून हाडाचाच झाला, काढू म्हटलं तरी निघेना.

राजाची खूण म्हणजे डोक्यावर पाच बोटं आत वळवलेली. अनिज्यांची खूण म्हणजे दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढायचे. हे मला माहीत, कारण भिकन घरी चहा पितानाही हेच करायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, यांच्या घरात काहीतरी बाहेरचं आहे. तीही बातमी चार दिवस चालली.

गेल्या वर्षी भिकन उभ्या उभ्या झोपला आणि त्याच्या गळ्यातला गमछा मशिनीच्या पट्ट्यात गेला. वाल्मिकने बटण दाबलं म्हणून गळा राहिला. त्या दिवशी सुंदराने त्याच्याकडून काम सोडायचं वचन घेतलं. मुलगा लखन पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कायम झाला होता, घर चालत होतं. भिकन म्हणाला, "गोष्ट सरनी का सोडी देसू. अर्धी टाकीसन गया ते त्या पोऱ्या मले सोडतीन का?"

ती बिचारी गोष्ट संपायची वाट पाहत राहिली. दिवाळीला राजा कड्यावरून पडला. सुंदराने गल्लीत पेढे वाटले. आठवड्याने तो पुन्हा उठला. संक्रांतीला अनिज्यांनीच त्याला जाळलं. होळीपर्यंत राखेतून मुकुट आधी आणि राजा मागून, असा परत हजर. खात्यातले लोक भिकनला सोडत नव्हते. वाल्मिक घरी येऊन सांगून गेला, "वहिनी, राजा मेला तर आमचे बारा तास कसे जायचे?" आणि खरं सांगू? भिकनलाही सोडवत नव्हतं. पाय सुजलेले, नजर मंद, डबा तसाच परत. तरी सकाळी सहाला गमछा खांद्यावर.

"तो राजा मनी सवत शे," सुंदरा मला म्हणाली होती. मी हसले होते. ती हसली नव्हती.

तर दुसरी घागर त्याची. खऱ्या माणसासारखी भरलेली, सासऱ्याच्या घागरीशेजारी मांडलेली. त्या सकाळी भिकन अंघोळीला गेला तेवढ्यात तिने गोवरीच्या विस्तवावर घास टाकला आणि हाक मारली, "अजरसेन राजा, जेव आनि जाय. तुना शिपाईसले बी ली जाय."

भिकन बाहेर आला, दोन घागरी पाहिल्या, आणि खाली बसला. मग म्हणाला, "मले ईचारं बी नही."

"ईचारं आसतं ते तू उठाडी देता त्याले."

ज्याची घागर भरली, ज्याने घास घेतला, त्याला परत उठवणं म्हणजे जेवलेल्या पितराला पानावरून ओढणं. खानदेशातला माणूस वचन मोडेल, हे नाही करणार. गोष्टीतला राजा असला म्हणून काय झालं.

पुढचं वाल्मिकने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मशिनी सुरू झाल्यावर त्याने समोरून डोक्यावर पाच बोटं ठेवली: राजाचं पुढे काय? भिकनने तार जोडली. दुसरी जोडली. चहापर्यंत त्याने हात वर केलाच नाही. वाल्मिक म्हणतो, दोनदा त्याची बोटं कपाळापर्यंत गेली आणि परत आली. शेवटी त्याने दोन्ही हातांनी घागरीचा गोल केला, हवेतच खाली ठेवला, आणि हात जोडले. वाल्मिक भडगावचा, खानदेशीच; त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने मागच्या रांगेकडे वळून तोच गोल केला. त्याच्यामागच्याने त्याच्या मागे. बारा मशिनींवर एकाच वेळी तारा तुटल्या, म्हणे. ही वाल्मिकची भर असणार. पण पुढे सांगताना मीही ती कमी केली नाही.

भिकनने पंधरवडा पुरा केला आणि पाळी सोडली. आता ओट्यावर बसलेला असतो. जाग साडेपाचलाच येते, डोळे खोल, पाय अजून सुजलेले. दिवसभर नुसता भिंतीला टेकून. सुंदरा भाजी निवडते, मध्येच त्याच्याकडे पाहून घेते, श्वास चालू आहे ना, तेवढंच.

मला राहवेना. परवा मी गॅलरीतून ओरडले, "भिकनभाऊ, राजा गेला, शिपाई गेले, तुम्ही एकटेच ओट्यावर राहिलात की हो भुतासारखे!"

त्याने मान वर केली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग तो भिंतीला टेकूनच, डोळे मिटत म्हणाला,

"भूतले ड्युटी ऱ्हास, ताई. मी आते जित्ता शे, मले झोपू दे."