पांढऱ्या अजगरांची काळी पिल्लं

रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत कायम निळे. जन्मभर रंगात बुडालेल्या या माणसानं जीव लावला कशाला, तर बिनरंगाच्या अजगरांना! दुकानामागच्या खोलीत काचेच्या दोन पेट्या. एकीत पांढरी-पिवळी मादी, दुसरीत तसाच नर, जरा जांभळट झाक असलेला.

बायकोला ती खोली सूत वाळवायला हवी होती. "बाहेर वाळत घातलं की धूळ बसते. ती कोण झाडणार, तुमचे साप?" हे रोज ऐकून ऐकून रंगाऱ्यानं शब्द दिला, "मादीनं आत्ता घातलेल्या अंड्यांतून सगळी पिल्लं पांढरी निघतील. एक जरी काळं निघालं तरी सगळं बिऱ्हाड बाहेर, खोली तुझी."

गडी अगदी निर्धास्त होता. आईबाप दोघं पांढरे. खाण तशी माती!

अंडी चिरली. पहिलं मुस्कट काळं. दुसरं काळं. मग तर सगळीच, कोळशाच्या पोत्यातून काढल्यासारखी.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं हो?" बायको हसून हसून भिंतीला टेकली. "बाईंनी शेजार बघितला की काय?"

ज्याच्याकडून नर आणला त्या पाळणाऱ्याला रंगाऱ्यानं फोन लावला. तो म्हणाला, "अरे बाबा, पांढरेपण दोन तऱ्हेचं असतं. तुझ्या मादीच्या अंगाला रंग करायची सुरुवातच जमत नाही. नराला सुरुवात जमते, शेवट जमत नाही. पिल्लांना बापाकडून सुरुवात मिळाली, आईकडून शेवट."

रंगाऱ्यानं तसंच बायकोला सांगितलं. ती ओलं सूत पिळता पिळता थांबली. "म्हणजे एका पातेल्यात तुरटी, रंग नाही. दुसऱ्यात रंग, तुरटी नाही. दोन्हींतलं सूत धुतलं की फिकंच. एकत्र केलं की चढला पक्का!"

"अगदी तस्सं! पण दोघांचं उणं या पिल्लांच्या अंगात लपलेलं आहे. त्यांची आपसात जोडी लावली, तर नातवंडांत काही पांढरी निघतील."

"अहो, भावाबहिणींची?"

"सापांना कुठली आली नाती!"

एवढं बोलून रंगाऱ्याला आपलं बोलणं आठवलं. शब्द तो शब्द. त्यानं मादीची पेटी उचलली आणि दाराकडे निघाला. पाय काही उचलेना.

"ठेवा ती खाली," बायको म्हणाली. "शब्द मला दिला होता ना? मग सोडायचा की धरायचा, ते मी बघेन. नातवंडं बघायच्या आत कुणी घराबाहेर काढतं का आजीला?"

"आणि सूत?"

"पेट्यांच्या वर दोरी बांधा. आत्ताच्या आत्ता. माझे हात भरलेत."

रंगारी स्टूल शोधायला पळाला.