वहिनींचा चमचा

मला चव लागत नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आणि आमच्या दुकानात चव बघण्याचं काम माझं आहे.

देवस्थानाच्या गावात, फ्रीगंज भागात, आमचं हॉटेल आहे, पुढे जेवण आणि मागे बेकरी. दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, इकडे सगळीकडेच मिळतात. लोक आमच्याकडे येतात ते चीजकेकसाठी. तो वहिनींचा. श्रीखंडासाठी टांगलेला चक्का एकदा उरला, तर त्यांनी तो सायीत फेटून बिस्किटांच्या थरावर ओतला आणि भट्टीत ठेवला. अंडं नाही, त्यामुळे दर्शनाला आलेली मंडळीही खुशाल खातात.

दादा गल्ल्यावर, वहिनी भट्टीपाशी. मी लहानपणापासून खाण्यात चिकित्सक, म्हणून रोज सकाळी वहिनी चक्क्याचा चमचा पुढे करायच्या, "भाऊजी, बघा." मी सांगायचो, आज साखर वाढवा, किंवा हा नकोच, कढीत घाला.

मग एक ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. येईल परत, म्हणून मी वाट पाहिली. तिखट झोंबतं, थंड-गरम कळतं, बाकी काही नाही. सांगितलं असतं तर दुकानात माझं दुसरं काय काम होतं? मला ना भट्टी जमते, ना गिऱ्हाईक. चमचा तोंडात घालून मी "एकदम बढिया" म्हणत राहिलो.

ऐन मे महिन्यात एकदा तो बढिया चक्का आंबलेला निघाला. नानाखेड्याचे एक काका नातीच्या वाढदिवसाचा केक डब्यासकट परत घेऊन आले. भरल्या दुकानात म्हणाले, "भैया, ये क्या है? केक मागितला होता, तुम्ही तर कढी जमवून दिलीत!" लोक हसले. दादाचा चेहरा उतरला. आत वळून त्यानं विचारलं, "चाखला नव्हता का कुणी?"

मी दारातच उभा होतो.

"राहिलं माझ्याकडून," वहिनी म्हणाल्या. "घाईत भाऊजींना दाखवलाच नाही."

त्या दिवसापासून दादानं नियम केला: मी हो म्हटल्याशिवाय वहिनींचा एकही केक बाहेर जायचा नाही. ज्यांनी तो केक घडवला, त्यांना रोज माझी परवानगी लागते. जुन्या गिऱ्हाइकांसमोर दादा अजून चिडवतो, "हिचा भरोसा नाही हां, कढी निघेल!" वहिनी हसतात. मी आत जातो.

केक परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा पुन्हा पुढे आला. फक्त वाक्य बदललं होतं.

"भाऊजी, आज जरा आंबट वाटतोय, नाही?"

"हो," मी म्हटलं, "जरा आंबटच."

"मग साखर वाढवते."

तेव्हा कळलं, यांना ठाऊक आहे.

तेव्हापासून रोज त्या प्रश्नातच उत्तर घालून देतात. कधी टोमणा नाही. एकदा मी सवयीनं आधीच "बढिया" म्हणून टाकलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, "थांबा हो, मला बोलू तर द्या." तेवढंच. माझी दुकानातली जागा, दादाचा माझ्यावरचा विश्वास त्यांच्या त्या वाक्यावर उभा आहे. माझं घर त्यावर चाललं, मुलगी शिकली. आभार मानायचे तर कशाबद्दल ते आधी बोलावं लागेल, म्हणून तेही राहिले. आजही सकाळी चमचा तोंडात घातला की मला फक्त त्याचा गारवा कळतो, आणि तो देणारा हात.

इथं लिहिणं सोपं गेलं. दादा काही वाचत नाही. पण त्या दिवशी वहिनींनी चक्का दाखवला होता, मी चाखला होता आणि मीच बढिया म्हटलं होतं. एवढं दादाला, वहिनींच्या समोर, तोंडानं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.