काकूंच्या तानपुऱ्याचा कोरा बॅकअप

मंडळी, आज दुपारी मी सुलूकाकूंच्या तानपुऱ्याची वाट लावली.

काकू आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर गाणं शिकवतात. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मध्येच अडकायचा आणि बनवणारी कंपनी बंद झालीय. मी म्हटलं, आतली मेमरी चिप यूएसबी प्रोग्रामरने, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या छोट्या यंत्राने वाचते, पुसते आणि तेच परत भरते, म्हणजे अडकणं थांबेल.

वाचून फाइल सेव्ह केली. साइज बरोबर होती, म्हणून उघडून बघितली नाही. चिपला लावलेली प्रोग्रामरची क्लिप हलत होती, ती घट्ट बसवली, चिप पुसली आणि फाइल भरली. स्क्रीनवर 'व्हेरिफाय ओके' आलं.

तानपुरा वाजेना. मग फाइल उघडली, तर ती अख्खी कोरी. वाचताना क्लिप चिपला टेकलीच नव्हती. मी कोऱ्या चिपमध्ये कोरी फाइल भरली, आणि दोन्ही जुळल्या म्हणून ओके आलं.

काकू म्हणाल्या, "असू दे गं. क्लासची वेळ झाली, बघते काहीतरी."

मला ना, काहीच वाटत नाहीये. नुसती बसलेय. वर क्लास सुरू झालाय. मुली थांबल्या की काकू स्वतःच सा लावून देतायत.

कुणाच्या घरी असला जुना तानपुरा आहे का? चिप फक्त एकदा वाचू द्या. नाही, दोनदा.