प्रोसेसरचं सोंग

आमच्या शहरात बेशापासून पार पलीकडच्या कन्हानपर्यंतच्या समस्त संगणकधारकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या घराण्यात प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, ही एक फाईल असते. कृपया घाबरू नये. ‘सीपीयूइन्फो’ नावाची ही फाईल डिस्कवर कुठेच नसते. कोणी उघडायला गेलं की यंत्र त्या क्षणी ती लिहून हातात ठेवतं. चिप कोणत्या कंपनीची, कोणत्या कुळातली, आत कोअर म्हणजे छोटे मेंदू किती, सगळी कुंडली. ती वाचायला सी भाषेतला दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. माझ्या मित्राला नऊ पुरायच्या, आणि हे तो लग्नाच्या पंगतीतही सांगायचा.

आम्ही दोघं भागीदारीत धंतोलीतल्या दवाखान्यांना सॉफ्टवेअर करून द्यायचो. एकाला दिलं की महिन्याभरात शेजारच्या तिघांकडे ते फुकट चालताना दिसायचं. म्हणून मित्रानं कुलूप बसवलं. प्रोग्रॅम सुरू होताना आधी प्रोसेसरची फाईल वाचायचा आणि तपशील जुळले तरच उघडायचा. पहिल्या कुलपात त्यानं प्रोसेसरचा वेगही घातला होता. वेग तर क्षणाक्षणाला बदलतो. हाडांच्या एका डॉक्टरांचा फोन आला, “काय गा, तुमचा प्रोग्राम माह्या सासऱ्यासारखा आहे. सकाळी ओळखते, दुपारी नाही ओळखत.”

“उन्हाळा आहे ना साहेब, मशीन तापून राहिली,” मित्र म्हणाला, आणि फोन ठेवून वेगाची ओळ काढून टाकली.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. पोटाचा कॅन्सर. आम्हाला सगळ्यांना दिवाळीनंतर कळलं, आणि मग दिवस फार उरले नव्हते. दवाखान्यात तो बायकोशी बोलेनासा झाला होता. एकदाच म्हणाला, सगळं डायरीत लिहून ठेवलंय. डायरी म्हणजे बेशाच्या घरातल्या कॉम्प्युटरवरचा त्यानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. वहिनींनी धीर करून तो कॉम्प्युटर लावला तोवर उन्हाळा आला होता, आणि लावताच आतला मदरबोर्ड प्रोसेसरच्या चिपसकट जळाला.

“भाऊजी, बाकी कागद सापडले सारे,” त्या मला म्हणाल्या. “शेवटी शेवटी मले काही बोललेच नाही हे. तिथं माह्यासाठी काही लिहिलं असंन.”

मी त्यांच्यासमोरच डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली, डायरी चालवली. पडद्यावर उत्तर आलं: हे मशीन ओळखीचं नाही. ते वाक्य मी शेकडो वेळा गिऱ्हाइकांच्या पडद्यावर पाहून पोट धरून हसलो होतो. या गृहस्थानं स्वतःच्या डायरीलाही गिऱ्हाइकाचंच कुलूप लावून ठेवलं होतं. त्याची डायरी कोण चोरणार होतं?

पण कुलूप माझ्या ओळखीचं होतं. मशीन सुरू होताना कोणता प्रोसेसर सापडला हे यंत्रणा आपल्या नोंदवहीत लिहिते, आणि ती नोंदवही डिस्कवर शाबूत होती. त्यातून जुन्या चिपचे तपशील उतरवून मी हातानं एक खोटी फाईल लिहिली आणि खऱ्या फाईलवर पांघरली. आता प्रोग्रॅमनं विचारलं, कोण आहे, तर उत्तर मी देणार होतो.

हे मशीन ओळखीचं नाही.

“तुमच्या मित्राचा तुमच्यावर भरवसा नव्हता वाटते,” वहिनी म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

चूक माझीच होती. चिपमध्ये दोन कोअर होते, आणि फाईलमध्ये प्रत्येक कोअरचा वेगळा परिच्छेद असतो. मी एकच लिहिला होता. खाली दुसरा जोडला. डायरी उघडली. आयुष्यभर मी नकला करत आलो आहे, डॉक्टरांच्या, नगरसेवकांच्या, या मित्राच्या तर त्याच्यासमोर. पण इतका पुरता फसलेला प्रेक्षक त्या दिवशीच पाहिला. जळून कोपऱ्यात पडलेली चिप जिवंत आहे, हे त्या प्रोग्रॅमनं मुकाट्यानं मानलं होतं.

शेवटच्या पानांवर सूचना होत्या. टाकीच्या मोटरचं बटन आधी दाबून धरायचं, मग सोडायचं. गॅसवाल्याला सकाळीच फोन करायचा. गिझर रविवारी तपासायचा. वहिनी एकेक वाचत मागं मागं गेल्या, दिवाळीच्याही मागं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. पोळ्याचा आदला दिवस.

“रिपोर्ट मिळाला. पसरलं आहे. बराच वेळ दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. हिला सांगितलं, गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलं होतं म्हणून उशीर झाला. पोळा होऊन जाऊ दे.”

म्हणजे आम्हाला कळलं त्याच्या कितीतरी आधीपासून तो एकटाच तपासण्यांसाठी धंतोलीत जाऊन येत होता. मी नजर दुसरीकडे वळवली. वहिनींनी ती नोंद पुन्हा वाचली, ओठ हलवत. पदरानं पडदा पुसला. मग माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी ह्याइले जेवाले नाही वाढलं, भाऊजी. उशिरा आले म्हणून.”